तबकडीच्या मैदानासाठी घेतलेले अंगठे

गावाचं नाव सांगत नाही. तलासरीहून उधव्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून थोडं आत गेलं की लागतं, एवढं पुरे. तिथल्या शाळेत मी बरीच वर्षं पीटी शिकवली. राहायला डहाणूला. रोज सकाळी डबा घेऊन निघायचं, शेअर गाडीने तलासरी गाठायची आणि तिथून मिळेल त्या वाहनाने शाळा. त्या गावात मी एक मैदान करवून घेतलं. ते अजून आहे. लोक त्याला ‘बाईंचं मैदान’ म्हणतात, आणि कोणी माझ्यासमोर तसं म्हणालं की मी विषय बदलते.

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात क्रीडाशिक्षकांच्या शिबिरासाठी मी पुण्याला गेले होते. चव्वेचाळीस वर्षांची होते तेव्हा. तरुणपणी खो-खो खेळलेली, जिल्ह्यापर्यंत गेलेली. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मैदानावर शिट्टी वाजवण्यापलीकडे माझं काम उरलं नव्हतं. शेवटच्या दिवशी एका प्रशिक्षकाने पिशवीतून प्लास्टिकच्या तबकड्या काढल्या. झाडांच्या मधे त्याने एका खांबावर लोखंडी टोपली उभी केली होती, तिच्यावर साखळ्या लोंबत होत्या. ‘डिस्क गोल्फ,’ तो म्हणाला. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, टोपलीत जाईपर्यंत. मग पुढची टोपली. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. धावायचं नाही, झाडं तोडायची नाहीत. उलट झाडं हवीतच, त्यांना चुकवण्यातच तर खेळ आहे.

माझी तिसरी की चौथी फेक दोन झाडांच्या मधून सरळ गेली, साखळ्यांवर आपटली आणि खळ्ळकन टोपलीत पडली. बाकीचे शिक्षक माझ्या निम्म्या वयाचे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांनी माझ्या अंगाने माझं ऐकलं होतं. परतीच्या प्रवासात मी पूर्ण वेळ उजवा हात मांडीवर ठेवून मनगट फिरवत होते.

चार तबकड्या मागवल्या. डहाणूच्या एका वेल्डरकडून स्कूटरची जुनी रिंग आणि सायकलच्या चेन वापरून टोपली करून घेतली. शाळेचं मैदान म्हणजे खडकाळ पट्टा, पण मुलांनी खेळ लगेच उचलला. कबड्डीच्या वेळी पोट दुखतंय म्हणून बाजूला बसणाऱ्या नववीतल्या मुली तबकडीसाठी भांडू लागल्या. चार तबकड्या पुरेनात म्हणून डब्यांची झाकणं फेकू लागल्या. मला वाटू लागलं की याला एक कायमची जागा हवी. नीट आखलेली, सगळ्यांना खुली, सरकारी.

पहिला प्रयत्न मी डहाणूत, माझ्या घराजवळच्या उद्यानासाठी केला. अर्ज घेऊन ऑफिसात गेले. आवक-जावकच्या टेबलावरच्या माणसाने तीनदा विचारून शेवटी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘विषय: थाळी फेकणेबाबत.’ आतल्या साहेबांनी ‘गोल्फ’ हा शब्द ऐकूनच मान हलवली. “मॅडम, तो श्रीमंतांचा खेळ. इथे चिकूच्या वाडीत गोल्फ खेळणार कोण?” मी म्हटलं, एकदा बघा तरी. त्यांनी एका सकाळी इंजिनिअरला पाठवलं. मी टोपली उभी केली, तबकडी फेकली, आणि नेमका खाडीकडून वारा आला. तबकडी वळली आणि बागेतल्या सिमेंटच्या हरणाच्या शिंगावर आदळली. शिंग तुटून खाली पडलं. फिरायला आलेले चार-पाच म्हातारे जमले. इंजिनिअर म्हणाला, “आधी हरीण नीट करून द्या, मग खेळाचं बघू.”

हरीण मी नीट करून दिलं. खेळाचं कोणी बघितलं नाही. पण शेवटच्या खेपेला ऑफिसातला एक वयस्कर कारकून मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि आपुलकीने म्हणाला, “बाई, अर्जावर तुमच्या एकटीची सही आहे, म्हणून तो तुमचा अर्ज. पन्नास सह्या असत्या तर तो गावाचा अर्ज झाला असता. गावाच्या अर्जाला नाही म्हणताना साहेबालाही विचार करावा लागतो.”

हे मी गाठीशी बांधलं. एवढंच की गाव म्हणजे सह्या असा अर्थ मी काढला.

शाळेच्या गावात पंचायतीची एक जागा होती. उतारावरची, आंबा, मोह आणि ताडाची झाडं असलेली. तिथे सार्वजनिक उद्यान करायचं असं कधीतरी ठरलं होतं, एक पाटीही गंजून उभी होती. तबकडीसाठी याहून चांगली जागा मी आजवर पाहिलेली नाही. खालच्या टोकाला एक विहीर होती. जवळच्या पाड्यावरच्या बायका तिथून पाणी भरायच्या.

मी ग्रामसेवकांना भेटले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. तिशीतला, उत्साही माणूस, नुकताच बदलून आलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“उडत्या तबकड्या म्हणता?” ते हसले. पण मग फोटो नीट पाहिले. “मॅडम, पंचायत समितीतल्या मोठ्या साहेबांना काहीतरी वेगळं हवंच असतं. जिल्ह्यात असं कुठे नाही ना?”

“कुठेच नाही.”

“मग होईल. पण मागणी लोकांकडून यायला हवी. जागेला लागून जो पाडा आहे ना, तिथल्या सह्या आणा. बाकीचं मी बघतो.”

त्या पाड्यावर मी ओळखत होते ते एकच माणूस, आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी. पन्नाशीच्या असतील. बारीक अंगाच्या, मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवताना सगळ्या अंगानिशी फिरायच्या. मी शाळेत पोचले की त्या माझ्यासाठी चहा ठेवायच्या आणि स्वतःचा कप घेऊन दारात बसायच्या. तांदूळ निवडता निवडता पाड्यावरचं काय काय सांगायच्या. सून उंबरगावच्या कंपनीत जाते. पहाटे विहिरीवरून पाणी भरते आणि साडेसहाचा टेम्पो पकडते. विहिरीत गाळ साचलाय, उन्हाळ्यात पोहरा बुडत नाही. एका बाजूचा कठडा पडलाय, कोणाची तरी शेळी आत गेली होती. पंचायतीला दोनदा सांगून झालं. हे सगळं मला माहीत होतं. पुढे काय झालं ते सांगण्याआधी हे सांगायलाच हवं, की मला माहीत होतं.

मावशींना मी म्हटलं, “त्या उद्यानाच्या जागेचं काम काढलंय. पाड्यावरच्या सह्या लागतील. रविवारी येऊ का?”

“या की बाई. मी सांगून ठेवते सगळ्यांना.”

रविवारी मी गेले. वरच्या कागदावर मी सुरेख अक्षरात अर्ज लिहिला होता. सार्वजनिक उद्यानात डिस्क गोल्फचे नऊ टोपल्यांचे मैदान व्हावे, ही आम्हा ग्रामस्थांची मागणी. खाली नुसते रेघा मारलेले कागद जोडले होते, नाव आणि सही किंवा अंगठा. मावशींनी अंगणात खाट टाकून दिली. पहिले आले ते एक म्हातारे आजोबा. त्यांनी अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवण्याआधी हात तसाच वर धरून विचारलं, “विहिरीचं का?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही नेमकं माहीत नव्हतं. मी त्यांना नेमकं सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, “हो. त्या जागेचंच आहे. सगळं होईल त्यात.”

आजोबांनी अंगठा टेकवला.

त्यानंतर कोणी विचारलंच नाही. “विहिरीचं आहे, बाईंनी आणलंय,” असं मावशीच घरोघर जाऊन सांगत होत्या आणि मी त्यांना अडवलं नाही. पिशवीत मी दाखवायला एक तबकडी आणली होती. ती मी बाहेर काढली नाही. काढली असती तर सगळं समजावून सांगावं लागलं असतं, आणि समजावून सांगितलं असतं तर कोणीतरी म्हणालं असतं, आधी विहिरीचं करा. मनात मी स्वतःची समजूत घालत होते की एकदा जागा सुधारली की विहीरही सुधारेल, मग खोटं कुठे बोलले? दुपारपर्यंत साठाच्या वर अंगठे आणि सह्या झाल्या. बायका निळे अंगठे मातीत घासून हसत होत्या. मावशींच्या सुनेची सही तेवढी पूर्ण नावाची, दहावीपर्यंत शिकलेली होती ती. घाईत होती, ओल्या हातानेच सही करून गेली. मग मावशींनी मला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

ग्रामसभेला फारसं कोणी नव्हतं. कामाचा दिवस होता. भाऊसाहेबांनी अर्ज भराभर वाचला, ठराव झाला. महिनाभराने पंचायत समितीतले मोठे साहेब जागा बघायला आले. मी मोहाच्या झाडाखाली टोपली उभी केली आणि त्यांच्या हातात तबकडी दिली. पॉलिश केलेल्या बुटांवरच त्यांनी ती जेमतेम दहा पावलांवरून फेकली आणि तबकडी थेट साखळ्यांत गेली. नशीब म्हणायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब लहान मुलासारखे हसले. “अजून एक बघू,” म्हणाले. दुसरी झुडपात गेली, पण काम पहिलीनेच केलं होतं.

भाऊसाहेबांनी मला नकाशा दाखवला तो दिवसही विसरता येत नाही. जागेभोवती तारेचं कुंपण, एक फाटक, नऊ टोपल्यांच्या जागा. कुंपणाची रेघ विहिरीच्या बाहेरून गेली होती.

“विहीर आत येते?” मी विचारलं.

“येते. बाहेर ठेवली तर आठवी आणि नववी टोपली बसत नाही. सात करायच्या का?”

मी नकाशाकडे बघत राहिले. शिबिरात त्या प्रशिक्षकाने सांगितलं होतं, निदान नऊ तरी हव्यात, नाहीतर त्याला मैदान म्हणत नाहीत. “नऊच ठेवा,” मी म्हटलं. “फाटक उघडंच असेल ना.”

त्यांनी हो म्हटलं. किंवा मान हलवली. मी ते हो समजले.

दोन हजार सतरा साली उद्घाटन झालं, मला शाल आणि नारळ मिळाला. शाळेतल्या मुलींनी खेळून दाखवलं. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप घातलं होतं. मुलं खेळणार, कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची, असं साहेबांनी सांगितलं होतं म्हणे. फाटकावर वेळ रंगवली होती: सकाळी सात ते दहा, दुपारी चार ते सात. जाळीची चावी रखवालदाराकडे, आणि रखवालदार सातला येणार. कुंपणाच्या पलीकडे पाड्यावरच्या काही बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. मी समजले की त्या कार्यक्रम बघायला थांबल्या आहेत. खरं तर असं समजावं असं मला वाटत होतं.

कंपनीत जाणाऱ्यांना सातचं पाणी काय कामाचं? टेम्पो साडेसहाला. त्या बायका आता रस्त्यापलीकडच्या बोअरिंगवर जाऊ लागल्या, जायला-यायला अर्धा-पाऊण तास. दोन आठवड्यांनी दहा-बाराजणी पंचायतीत गेल्या. मी तिथे नव्हते. मला भाऊसाहेबांनीच नंतर सांगितलं, आणि तेही विनोद म्हणून. “मॅडम, मी फाईल काढून समोर ठेवली. म्हटलं, तुम्हीच तर मागितलंय, हे बघा अंगठे. एकेकीला आपलाच अंगठा ओळखता येईना.” ते हसले. मला तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलून निघून यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मावशींनी नेहमीसारखा चहा ठेवला. स्वतःचा कप घेतला नाही. दारात उभ्या राहिल्या.

“बाई, त्या कागदावर वर काय लिहिलं होतं?”

मी सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द.

“त्यात विहीर कुठे होती?”

“नव्हती.”

त्या म्हणाल्या, “मी घरोघर सांगत फिरले, विहिरीचं आहे, बाईंनी आणलंय. माझ्या तोंडाकडे बघून दिले त्यांनी अंगठे.” आवाज चढलेला नव्हता. मला तो चढायला हवा होता. त्यांनी पदराने हात पुसले आणि तांदळाचं पातेलं चुलीवर चढवायला गेल्या. त्यानंतर चहा रोज यायचा, पण टेबलावर ठेवलेला, बशीने झाकलेला. त्या दारात बसायच्या बंद झाल्या.

मी भाऊसाहेबांकडे गेले. फाटक पहाटे उघडा, जाळीचं कुलूप काढा, अशी विनंती केली. ते म्हणाले, आता ते त्यांच्या हातात नाही, वरून मंजूर झालेलं काम आहे. मग मी म्हटलं, “त्या सह्या मी वेगळं सांगून घेतल्या होत्या.” पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

“असं लेखी द्या. मी फाईल वर पाठवतो,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, “पण मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात. लोकांची फसवणूक करून सह्या घेतल्या असं स्वतःच्या अक्षरात लिहिणार? नोकरीचा विचार करा. आणि माझाही करा.”

मी विचार केला. वर्षभर विचार केला.

त्या वर्षात तालुक्याच्या शाळांची स्पर्धा आमच्या मैदानावर झाली. माझ्या मुली पहिल्या आल्या. पेपरात फोटो आला, मी मधे उभी. मला त्या दिवशी आनंद झाला होता. हे लपवायचं असेल तर मग बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. डहाणूच्या ज्या साहेबांनी मला नाही म्हटलं होतं त्यांनी फोन करून अभिनंदन केलं. ‘आमच्याकडेही बघू या आता,’ म्हणाले. मी जेवताना तो फोन घरच्यांना दोनदा सांगितला. आणि सकाळी गाडी त्या वळणावर आली, की रस्त्याच्या कडेने डोक्यावर हंडा घेतलेल्या बायका दिसायच्या. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागायचे. गाडी पुढे जाईपर्यंत शोधत राहायचे.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मावशी तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या तेव्हा मुख्याध्यापकांना सांगत होत्या ते मी ऐकलं. सून पाणी घेऊन येत होती. मागून आलेल्या मोटरसायकलचा धक्का लागला. मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. कंपनीने तिच्या जागी दुसरी घेतली.

मला त्यांनी काही सांगितलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. “मावशी, आता कसं आहे तिचं?” त्या म्हणाल्या, “बरं आहे,” आणि फोडणीकडे वळल्या.

त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत वर्गात बसून कागद लिहिला. लिहायला पाच मिनिटं लागली. एवढ्याच कामाला मी वर्ष घेतलं होतं. पण ग्रामसेवकांकडे दिला तर तो फाईलीत जाईल हे आता मला कळत होतं. एक मेच्या ग्रामसभेत वाचायचा असं ठरवलं. सुट्टीचा दिवस, कंपनीत जाणारेही घरी.

सभा शाळेच्याच व्हरांड्यात होती. पाड्यावरचे बरेच जण आले होते. मी बाहेरगावची, मतदार नाही, म्हणून मला बोलू द्यावं की नाही यावर थोडी चर्चा झाली. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, बोलू द्या. मी उभी राहिले. शिट्टीशिवाय मुलांसमोरही मी कधी अडखळले नव्हते, पण इथे पहिली ओळ दोनदा वाचावी लागली. वाचलं ते असं. उद्यानाच्या अर्जावरच्या सह्या आणि अंगठे मी घेतले. विहिरीचं काम आहे असं लोकांना वाटलं, मला तसं विचारलंही होतं, आणि मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. खेळाच्या मैदानाची मागणी माझी होती, त्यांची नव्हती. नकाशात विहीर कुंपणाच्या आत येते हेही मला आधी माहीत होतं.

मग पुढे बसलेल्या त्या आजोबांनी, ज्यांनी पहिला अंगठा दिला होता, त्यांनी शेजारच्याला विचारलं, “म्हणजे ते विहिरीचं नव्हतंच?” मागे कोणीतरी हसलं. आजोबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तो घेतला असता. नुसतं आश्चर्य होतं. शिकलेल्या बाईला खोटं बोलायची काय गरज पडली, असं.

मावशी खांबाला टेकून बसल्या होत्या, शेजारी प्लास्टर घातलेली सून. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

नंतर जे झालं त्यात माझा काही वाटा नाही. सुनेनेच उभं राहून विचारलं की कुंपण सरकवायला किती दिवस लागतील. भाऊसाहेब नियम सांगू लागले. ती म्हणाली, “नियम सांगा, पण तारीख पण सांगा.” बायकांनी तारीख घेतल्याशिवाय उठणार नाही असं धरून ठेवलं. ठराव झाला: विहीर कुंपणाबाहेर, आठवी आणि नववी टोपली काढायची. ती तारीख टळली, पावसाळा गेला, बायका दोनदा पंचायतीत जाऊन बसल्या, आणि दिवाळीनंतर एकदाचं कुंपण आत सरकलं. जाळी निघाली.

मला वरून पत्र आलं, खुलासा करा. मी केला. ‘पुन्हा असे घडल्यास’ अशी समज मिळाली. बस. या एवढ्याला घाबरून मी वर्षभर पर्समध्ये तोंड घालून त्या रस्त्याने गेले होते. नोकरी गेली असती तर निदान म्हणता आलं असतं, की भीती खरी होती.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे एकोणीस साली, पाड्यावरच्या लोकांनी स्वतःच विहिरीतला गाळ काढला. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी एका रविवारी गेले. घमेलं उचलायला वाकले तर एका बाईने ते हळूच माझ्या हातातून घेतलं. “तुम्ही बसा बाई, गुडघा दुखेल.” मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. पाहुण्यासारखं वागवलं त्यांनी मला. दुपारी मी परत आले. वर सात टोपल्यांच्या मैदानावर मुलं खेळत होती, कोणाची तरी फेक साखळीत गेल्याचा आवाज आला. मी मान वळवली नाही.

त्याच वर्षी माझी डहाणूच्या शाळेत बदली झाली. जायच्या आधीच्या आठवड्यात मावशी स्टाफरूममध्ये आल्या. पाड्यावरचा विजेचा खांब कलला होता, त्यासाठी अर्ज हवा होता.

“लिहून द्याल? अर्ज लिहायला तुमचा हात चांगला.”

त्यांनी टोमणा मारला होता की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. मी लिहून दिला. मोठ्याने वाचूनही दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं, कागदाची घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवली.

“अंगठा इथेच देता का? पॅड आहे माझ्याकडे,” मी म्हटलं.

“नको. सून वाचेल घरी. घरोघरही तीच वाचून दाखवणार आहे. मग देऊ.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. बाहेर काढलेलं पॅड मी परत ड्रॉवरमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो कागद परत आणून माझ्यासमोर ठेवला. सुनेने लाल पेनने एका शब्दाखाली रेघ मारली होती. इतकी वर्षं त्या वाटेने येऊन-जाऊन मी पाड्याचं नाव चुकीचं लिहिलं होतं.

मावशी म्हणाल्या, “एवढं नीट करून द्या.” आणि मी लिहून होईपर्यंत त्या टेबलाशी उभ्या राहिल्या, माझ्या हाताकडे बघत.